पेशंटचं नाव सांगा, बा

गुजरातेतल्या डाकोरात दूधवाला दूध घालताना "जय रणछोड" म्हणतो, रिक्षावाला वळण घेताना म्हणतो, भांडण मिटल्यावर दोन्ही बाजू म्हणतात आणि काही जण भांडण सुरू करण्याआधीही म्हणून घेतात. राजा रणछोडरायाचं, म्हणजे कृष्णाचं गाव, त्याच्या नावाशिवाय इथे कुणाची सकाळ उजाडत नाही. अशा गावात चंचळबेन लग्न होऊन आल्या आणि ज्यांच्याशी लग्न झालं त्यांचं नाव निघालं रणछोडभाई.

नावाच्या चंचळ, पण बाई मूळची पाटा-वरवंट्यासारखी जागच्या जागी. सासूने माप ओलांडायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, "सूनबाई, नवऱ्याचं नाव तोंडातून निघालं की त्याच्या आयुष्यातला एक दिवस गळतो." चंचळबेननी ते ऐकलं आणि पदराला गाठ मारून ठेवलं. सासू गेली, तिची खाट गेली, गावात मोबाइल आले, पण गाठ सुटली नाही. कुणी "जय रणछोड" म्हटलं की त्या त्याच देवाचं दुसरं नाव घेऊन "जय ठाकोर" म्हणत. देवळात सगळा समुदाय "जय रणछोड, माखणचोर" असा गजर करतो. चंचळबेन पहिल्या शब्दाला ओठ घट्ट मिटून घेत आणि दुसऱ्याला सगळ्यांच्या वर आवाज लावत. म्हणजे एवढ्या भाविक बाईने उभ्या जन्मात देवाला राजा म्हणून कधी हाक मारली नाही, चोर मात्र रोज म्हटलं.

"काकी, एक दिवस ठाकोरजी तुमच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावतील," शेजारची तरुलता म्हणायची.

"लावू दे. त्या निमित्ताने कोर्टात तरी निवांत दर्शन होईल," चंचळबेन म्हणायच्या.

रणछोडभाईंचं बस स्टँडमागे गोट्यांचं दुकान होतं. धणे-मिरी घातलेले डाकोरचे गोटे, म्हणजे गोल भजी, वर दह्याची वाटी. त्यांचा आजार घरच्यांच्या आधी गिऱ्हाइकांना कळला. तेलात पीठ सोडताना हात असा थरथरायला लागला की एका गोट्याचे तीन व्हायचे. यात्रेकरूंना वाटलं, शेठ दिलदार झाले. पुढे आणंदच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात आहे. गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, वेळ चुकवायची नाही.

वेळ चुकली तर काय होतं, ते एकदा गावाने पाहिलं. गोळी राहून गेली आणि रणछोडभाई देवळातून परतताना आपल्याच घराच्या उंबरठ्यात थिजले. एक पाय आत, एक बाहेर, हात अर्धवट वर. चंचळबेन मागच्या अंगणात पापड वाळत घालत होत्या, त्यांना पत्ता नाही. त्या दिवशी पौर्णिमेची गर्दी होती. येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांना वाटलं, कुणी उभ्या व्रताचे साधुपुरुष आहेत. एकाने फुलं वाहिली, दुसऱ्याने नारळ ठेवला, एक बाई तर लेकाच्या लग्नाचं साकडं घालून गेली. चंचळबेन बाहेर आल्या तेव्हा नवऱ्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि डोळ्यांत पाणी. तोंडातून शब्द फुटत नव्हता. गोळी दिली, सुटे झाले, तेव्हा पहिलं वाक्य बोलले ते एवढंच, "नारळ ओला आहे."

गाव हसलं, रणछोडभाईही हसले, पण त्या संध्याकाळी चंचळबेननी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात गोळ्यांची पट्टी ठेवली. आधी ठाकोरजींना दिवा, मग नवऱ्याला गोळी, असा नेम झाला.

आणि या वर्षी ऐन उन्हाळ्यात त्या गोळ्याच मिळेनाशा झाल्या.

कोपऱ्यावरचे औषधवाले मफतकाका म्हणाले, "वरूनच माल येत नाही, बेन. आणंदला नाही, नडियादला नाही. दुसऱ्या कंपनीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही."

"काका, नाव मफत आणि साधी एक पट्टी देववत नाही तुम्हाला."

"बेन, नाव बापाने ठेवलं, दुकान मी चालवतो."

एरवी हे सगळं किरीट बघायचा. किरीट म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. जहाज समुद्रात असलं की त्याचा फोन लागत नाही. पण जाण्याआधी त्याने आईच्या, त्याच्या शब्दांत 'बा'च्या, मोबाइलवर अहमदाबादच्या एका औषधवाल्यांचं ॲप घालून दिलं होतं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटोही त्यात चढवून ठेवला होता. "बा, हे परवानावाले आहेत. चिठ्ठी बघतात, मग गोळ्या पाठवतात. फक्त रकाने भरायचे."

चंचळबेन चष्मा लावून बसल्या. पत्ता भरला. वय भरलं. मग रकाना आला, पेशंटचं नाव. बोट तसंच वर राहिलं. लिहिणं म्हणजे तरी काय, आवाज न करता घेतलेलं नावच की. खूप विचार करून त्यांनी आयुष्यभर त्या माणसाला ज्या नावाने ओळखलं तेच लिहिलं. किरीटचे बापुजी.

दुपारी फोन आला.

"बा, मी बिजल बोलतेय, औषधांच्या दुकानातून. मी फार्मासिस्ट आहे. ऑर्डर किरीटचे बापुजी या नावाने दिसतेय. बापुजी आडनाव आहे का?"

"नाही गं. किरीट माझा मुलगा."

"म्हणजे पेशंट किरीट."

"किरीटला काय धाड भरलीय. तो जहाजावर भात शिजवतोय."

"मग पेशंटचं नाव सांगा, बा. डॉक्टरांचं अक्षर नीट लागत नाहीये, पण चिठ्ठीवर किरीट काही नाही. नाव जुळल्याशिवाय या गोळ्या मला पाठवता येत नाहीत."

"तूच काय ते वाच, मी हो म्हणते."

"तसं चालत नाही, बा. उद्या कुणीही कुणाचीही चिठ्ठी पाठवील आणि मी वाचलेल्या नावाला हो म्हणेल. तुम्ही सांगायचं, मी जुळवायचं."

पोरीचं म्हणणं रास्त होतं. चंचळबेननी नवऱ्याऐवजी त्या नावाच्या देवाची ओळख सांगायचं ठरवलं. "बरं, मग ऐक. रण सोडून पळाला तो."

बिजलने गंभीरपणे विचारलं, "पेशंट सैन्यात होते?"

"सैन्यात कुठले. मथुरेतून पळाला."

"पत्ता तर डाकोरचा आहे."

"मथुरेहून द्वारकेला गेला. तिथून बैलगाडीत बसून डाकोरला आला."

"या आजारात? बैलगाडीतून?" बिजलचा आवाज खरोखर काळजीचा झाला. "डॉक्टरांना सांगितलंय का हे?"

"अगं बाई, आमच्या गावात माणूस माणसाला भेटला की काय म्हणतो?"

"केम छो."

"ते नाही."

"पेशंटचं नाव केमछो नाही," बिजल स्वतःशीच पुटपुटली आणि तिने चिठ्ठी पुन्हा डोळ्यांजवळ धरली असावी, कारण एकदम हसू दाबल्याचा आवाज आला. "बा, मला कळलं."

"जय ठाकोर. मग पाठव."

"मला कळून भागत नाही. हा फोन रेकॉर्ड होतो. ज्याने ऑर्डर दिली त्याने किंवा पेशंटने स्वतः नाव उच्चारायला लागतं. त्यांनाच द्या ना फोन."

रणछोडभाईंना फोन दिला. पण कंपवाताने हाताबरोबर आवाजही नेला होता. त्यांनी जीव एकवटून नाव सांगितलं, ते बिजलच्या कानी वाऱ्याच्या झुळकीसारखं गेलं. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बिजल हळूच म्हणाली, "काका, तुमच्यावर कुणी जबरदस्ती करतंय का? तसं असेल तर फक्त खोका."

रणछोडभाईंना नेमका तेव्हाच खोकला आला. तो निस्तरण्यात बराच वेळ गेला.

तरुलता कठड्यावरून सगळं ऐकत होती. तिने फोन हिसकावून नाव खणखणीत सांगितलं. बिजलने विचारलं, "आपण पेशंटच्या कोण?" तरुलता म्हणाली, "शेजारीण." बिजल म्हणाली, "माफ करा, मावशी." तरुलताला नकारापेक्षा मावशी म्हटलेलं जास्त लागलं.

"काकी, दोन शब्द तर आहेत. म्हणून टाका," तरुलता म्हणाली.

"आणि त्यांचा दिवस गेला तर? तू देणार आहेस तुझ्या नवऱ्याच्या खात्यातून काढून?"

खाटेवरून रणछोडभाई कुजबुजले, "घे गं एकदा. गेला एक दिवस तर गेला. तसाही मी त्या दिवशी काय करणार, उंबरठ्यातच उभा राहणार."

चंचळबेन उठून आत गेल्या आणि उगाचच डबे पुसत बसल्या. कोनाड्यातली पट्टी आता जवळजवळ रिकामी वाजत होती. नाव घ्यावं तर आयुष्य तुटतं, न घ्यावं तर औषध तुटतं. ठाकोरजींकडे पाहिलं, तर ते नेहमीसारखे हसत होते. त्यांचं बरं आहे, त्यांना गोळी लागत नाही.

तेवढ्यात सत्संग मंडळाच्या ग्रुपवर एक संदेश येऊन पडला. कुठलंही औषध घरपोच, अर्ध्या भावात, चिठ्ठीची कटकट नाही. खाली नंबर. ग्रुपवर आलेलं म्हणजे प्रसादासारखंच, अशी चंचळबेनची समजूत. त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की फोनला मुंग्या लागाव्यात.

"बा, नाव कशाला हवं? औषधाला का नाव विचारून गुण येतो?"

"डॉक्टरांची चिठ्ठी आहे हो माझ्याकडे."

"आईच्या शब्दापुढे डॉक्टर कोण लागून गेला?"

"दुकान कुठे आहे भाऊ तुमचं?"

"सगळीकडे, बा."

चंचळबेन भारावल्या. "बघ, याला म्हणतात संस्कार," त्या तरुलताला म्हणाल्या. "घरंदाज माणूस. परक्या बाईला तिच्या नवऱ्याचं नाव विचारीत नाही."

"सगळीकडे देव असतो, काकी. दुकानाला शटर लागतं."

पण मागणी गेली होती, पैसेही गेले होते. पार्सल आलं ते बांगड्यांच्या खोक्यात, वर वर्तमानपत्र. आत बिल नाही, पावती नाही. रणछोडभाईंनी पाण्याचा पेला हातात घेतला, म्हणजे दोन्ही हातांनी धरला.

आता चंचळबेनची एक सवय सांगायला हवी. तूरडाळ असो, जिरं असो, देवाची फुलं असोत, ताटात पसरून निवडल्याशिवाय त्या काही वापरत नाहीत. तरुलताने आणून दिलेली लग्नपत्रिकासुद्धा त्या आधी झटकून घेतात. त्या सवयीने त्यांनी नवी पट्टी ताटात ठेवली, शेजारी जुनी, शेवटची गोळी उरलेली पट्टी, आणि चष्मा पुसून खडे शोधायला बसल्या. जुन्या गोळीच्या मधोमध मोडायची रेघ होती, नवीला नव्हती. नावात एक अक्षर इकडचं तिकडे. बॅचचा नंबर असायच्या जागी नुसता डाग. मग तारखा. त्यांनी एकदा वाचल्या, पुन्हा वाचल्या, मग तरुलताला हाक मारून वाचायला लावल्या.

"काकी, ही बनली यंदाच्या फाल्गुनात आणि मुदत संपली मागच्या दिवाळीत."

"म्हणजे जन्मायच्या आधीच वारली."

"हो. सुतक धरायचं का?"

चंचळबेननी नवऱ्याच्या हातातला पेला काढून घेतला. त्यांनी नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला. सगळीकडे असलेलं दुकान आता कुठेच नव्हतं. मफतकाकांनी पट्टी उलटसुलट पाहिली, औषध खात्याला कळवतो म्हणाले आणि ती कागदात गुंडाळून ठेवली. "बेन, जो काहीच विचारत नाही ना, त्याला काही सांगायचंही नसतं. ती पोरगी तुम्हाला छळते म्हणजे तुमच्यासाठी जागी आहे."

गोड बोलणाऱ्याला घरंदाज म्हटल्याचं चंचळबेनच्या मनाला फार लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. बिजलचा निरोप आला होता की ऑर्डर संध्याकाळपर्यंत धरून ठेवते, पुढे ती आपोआप रद्द होईल. कोनाड्यातली शेवटची गोळी सकाळी दिली आणि चंचळबेनना देव्हाऱ्यापुढे बसल्या बसल्या युक्ती सुचली. ठाकोरजींनीच सुचवली, असं त्या आजही म्हणतात. नाव नवऱ्याचं म्हणून घेतलं तर दिवस गळतो. पण देवाचं म्हणून घेतलं तर उलट पुण्य. मग ते देवळात, गजरात, देवाकडे तोंड करून घ्यायचं. बिजलच्या यंत्राने काय ऐकायचं ते यंत्राचं यंत्राने बघावं.

गोळीचा असर होता तोवर रणछोडभाईंना हाताला धरून त्यांनी देवळात आणलं आणि खांबाशी बसवलं. पायी आलेल्या संघांच्या पताका, घामाचा आणि गुलालाचा वास, धक्काबुक्की. पडदा अजून उघडायचा होता. चंचळबेननी फोन लावला, कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने खांब पकडला.

पडदा उघडला. सगळं देऊळ एकदम उसळलं. "जय रणछोड!" चंचळबेननी डोळे मिटले, सासूची मनातल्या मनात माफी मागितली आणि लग्नानंतर पहिल्यांदा गजराचा पहिला अर्धा भाग म्हटला, फोनच्या तोंडाशी, पूर्ण ताकदीने.

"जय रणछोड, बा," बिजल आनंदाने म्हणाली. "बोला. नाव सांगायला फोन केलात ना?"

चंचळबेननी डोळे उघडले. "अगं, सांगितलं की आत्ता."

"ते नाव होतं? मला वाटलं नमस्कार. डाकोरचा प्रत्येक फोन असाच सुरू होतो, बा. आमचे तपासणारे साहेबही नमस्कार म्हणूनच सोडून देतील. आणि मागे एवढी माणसं तेच नाव घेतायत, सगळीच पेशंट आहेत का? 'जय' नको. नुसतं नाव, तुमच्या आवाजात."

"गजरातच घेते, थांब."

"गजरात नको. साधं सांगा. माणसाला हाक मारल्यासारखं."

चंचळबेननी वळून पाहिलं. खांबाशी रणछोडभाई बसले होते. सदऱ्याची वरची गुंडी त्यांना सकाळी लागली नव्हती, ती तशीच उघडी. एक हात मांडीवर पाखरासारखा फडफडत होता आणि दुसऱ्याने ते त्याला दाबून धरत होते. संध्याकाळी हेही जमणार नव्हतं. देवाच्या दारात बसून हा माणूस उंबरठ्यात थिजायची वाट बघत होता.

पुजाऱ्यांनी पडदा ओढला. गजर थांबला. हजार माणसांनी एकदम श्वास घ्यावा तशी शांतता पडली, आणि नेमक्या त्या शांततेत चंचळबेन म्हणाल्या, "रणछोड."

अंगणातून हाक मारावी तसं. जय नाही, राय नाही, भाईसुद्धा नाही.

आजूबाजूच्या माना वळल्या. पताकेवाले एक म्हातारे रागावून म्हणाले, "बेन, राजाधिराज आहेत ते. असं एकेरी?"

खांबाशी हालचाल झाली. रणछोडभाईंनी मान वर केली आणि जसं कुणीही आपलं नाव ऐकल्यावर म्हणतं तसं, त्यांच्या त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाले, "हं?"

"मिळालं, बा," फोनमधून बिजल म्हणाली. "आता आडनाव."

"पटेल, पटेल, पटेल," चंचळबेन म्हणाल्या. आडनावाला कसली बंदी, एवढ्या वर्षांचं साचलेलं सगळं त्यांनी आडनावावर काढलं.

पार्सल आलं तेव्हा रणछोडभाई खाटेवर लाकडासारखे पडून होते. पण या वेळी खोकं बंद होतं, वर दुकानाचा शिक्का, आत बिल, बिलावर परवान्याचा नंबर, बिजलची सही आणि पेशंटचं पूर्ण नाव. चंचळबेननी तरीही पट्टी ताटात घेऊन निवडली. रेघ होती, अक्षरं जागच्या जागी, गोळी आधी जन्मलेली आणि मरायला भरपूर अवकाश. मग ठाकोरजींना दिवा लावला आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन गोळी दिली.

दिवेलागणीपर्यंत हातपाय मोकळे झाले. रणछोडभाई उठून बसले आणि बराच वेळ घेऊन त्यांनी आपल्या सदऱ्याची वरची गुंडी आपल्या हाताने लावली. चंचळबेन भाकरी थापत होत्या, त्यांनी ते पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं.

"अहो," त्या शेवटी तव्याकडे बघत म्हणाल्या, "एक दिवस गेला ना तुमचा. कुठला गेला असेल?"

रणछोडभाईंनी नीट विचार केला.

"तो उंबरठ्यातला," ते म्हणाले. "हारासकट."